तीन पायऱ्या खाली

ख्वात म्हाताऱ्याच्या तळ्यात त्या साली एकच टोपली अझोला उरला, आणि ही बातमी दाउ नावाच्या त्या गावभर व्हायला सकाळची न्याहारीही उरकावी लागली नाही. गावातल्या बायका बांधावर येऊन डोकावून गेल्या. कोणी चुकचुकलं, कोणी नुसतं नाक मुरडलं. अळी पडली म्हणे, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला.

अळी पडली हे खरं, पण अर्धंच. आठव्या महिन्यात, उन्हाळ्याच्या शेवटी, म्हातारा तापाने अंथरुणाला खिळला होता. उन्हाळा उलटेपर्यंत अझोल्याचं बी, म्हणजे पुढल्या लावणीसाठी राखलेली रोपं, जगवायचं कसं, ही त्या घराण्याची विद्या. लेकाला आणि सुनेला सांगायची, लेकीला कधीच नाही, कारण लेक ती उचलून सासरच्या गावाला नेणार. आता मुलगा थिएप चांगला राबणारा गडी, पण त्याचं तोंड म्हणजे फुटका माठ, म्हणून त्याला सांगितली नव्हती. सून लुआ घरात येऊन पाच वर्षं झाली, पण तिला सांगायला म्हातारा चांगला दिवस बघत होता. तो दिवस उजाडायच्या आत ताप आला. म्हातारा खाटेवर कण्हत पडला, बाहेर तळ्यात बी कुजत गेलं, आणि घरात दोन धडधाकट माणसं असून त्याने कोणाला एक शब्द सांगितला नाही. याला हट्ट म्हणा नाहीतर इमान म्हणा, नुकसान व्हायचं ते झालं.

आता अझोल्याचं इतकं काय, असं ज्याने भात लावलं नाही तोच विचारेल. नखाएवढी पानं, पाण्यावर पसरतात, बस्स. पण ती शेतभर पसरवून लावणीआधी नांगराने चिखलात गाडली, की त्या शेतातलं भात कमरेला लागतं. दरवर्षी म्हातारा बाराव्या महिन्याच्या सुरुवातीला आठ टोपल्या बी सोडायचा. दीड महिन्यात खालचं मोठं शेत हिरवंगार व्हायचं, आणि थंडी सरता सरता, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला त्यात नांगर फिरायचा. नांगराआधी तिथूनच सगळ्या गावाला बी.

अकरावा महिना नुकताच लागला होता. गावची शेतं-तळी जिच्या ताब्यात होती त्या सोसायटीचा अध्यक्ष दिएम तळ्यावर आला तेव्हा म्हातारा उकिडवा बसून बांबूची गुडगुडी ओढत होता. दिएम मनाने वाईट नव्हता, पण त्याला वरून रोज विचारणा व्हायची आणि त्यामुळे त्याची झोप उडालेली असायची. त्याने सरळ विचारलं की यंदा काय होईल.

"आठ टोपल्यांना दीड महिना लागतो," म्हातारा म्हणाला. "एका टोपलीला आठपट. दीड आठे बारा. पुढच्या वर्षी ये."

दिएम म्हणाला की तळं वर्षभर रिकामं ठेवणं सोसायटीला परवडायचं नाही. पौर्णिमेला मोठं शेत हिरवं दिसलं नाही, तर तळं बदकांना द्यायचं आणि पुढेही बदकांकडेच राहू द्यायचं. म्हाताऱ्याने मान हलवली. त्याच्या आज्याच्या आज्यापासून घरात असलेलं तळं त्याने एका मानेच्या हलवण्यात देऊन टाकलं, आणि गुडगुडी पुन्हा तोंडाला लावली. धूर मात्र काही निघाला नाही.

लुआ मागे उभी राहून ऐकत होती. तिला सासऱ्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याची दयाही आली. दुसरा कोणी असता तर तिने भांडून घेतलं असतं.

दुपारी ती शाळेत गेली. शाळा म्हणजे गावच्या देवळाचं अंगण. शेतावरच्या बायाबापड्यांना दुपारच्या विसाव्यात शिकवायला शहरातून त्रमबाई आल्या होत्या, वय एकोणीस. तीस वर्षांची लुआ, तिच्या शेजारी सतरा वर्षांची तुआत, जिचं लग्न पलीकडच्या गावात ठरलं होतं, भोवती आणखी सात-आठ बायका, आणि मागे पेंगणारे दोन-चार बाप्ये. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं: दोनचा क्ष घात बरोबर बत्तीस. क्ष काढा.

तुआत म्हणाली, सोळा. बत्तीसचं अर्ध. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, भागायचं नाही. बत्तीसला दोनच्या भाषेत बोलायला लावायचं. दोन दुणे चार, आठ, सोळा, बत्तीस, म्हणजे दोन पाच वेळा. आता दोन्हीकडे पाया एकच झाला, तर वरचे आकडेही एकच. क्ष म्हणजे पाच.

"पाया सारखा करा," बाई म्हणाल्या, "मग उत्तर पळून जात नाही."

लुआच्या हातातली पेन्सिल थांबली. तिने वहीत आठ लिहिला, त्याच्या शेजारी दोनचा तिसरा घात लिहिला. मग तिने मोठ्या शेताला किती टोपल्या लागतात ते लिहिलं. पाचशे बारा, हे तिला पाठ होतं, पाच वर्षं तोच आकडा ती घरात ऐकत आली होती. पाचशे बाराचे दोन मोडायला तिला दोनदा खोडावं लागलं. नऊ आले. तिने बाईंना वही दाखवली, बाईंनी बरोबरची खूण केली, आणि लुआ वर्ग सुटायच्या आत चपला विसरून घराकडे सुटली.

म्हातारा पान कुटत बसला होता. शाळेचं नाव काढलं असतं तर त्याने कान बंद केले असते, कारण कागदावर अझोला उगवत नाही हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. म्हणून लुआने शाळेचं नाव काढलं नाही. ती समोर बसली आणि सुपाऱ्यांची वाटी जवळ ओढली.

"बाबा, दरवर्षी तुम्ही आठ टोपल्यांनी सुरू करता. ते बी दुप्पट होऊन आठ झालं असं धरा. त्याआधी किती असेल?"

"चार. एवढंही येत नाही का मला?"

"त्याआधी?"

"दोन."

तिने पुढे विचारलं नाही. म्हातारा कुटायचा थांबला. वाटीतली एक सुपारी त्याने उचलली, दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली.

"त्याआधी एक," तो हळूच म्हणाला.

"मग आपण आठपट मागे नाही, बाबा. तीन पायऱ्या खाली आहोत. नेहमी सहा वेळा दुप्पट करता, यंदा नऊ वेळा करायचं. एवढंच."

म्हाताऱ्याने पान तोंडात टाकलं आणि उठून तळ्याकडे गेला. जेवताना तो ताटातली शितंच मोजत होता. थिएपने दोनदा बायकोकडे बघून भुवया उडवल्या, तिने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. सकाळी ती उठली तेव्हा म्हातारा तळ्याच्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता आणि चिखलाचा छोटा बांध घालत होता, एक टोपली दाटीवाटीने मावेल एवढाच. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण अझोल्याला लागू नाही. त्याला मोकळं सोडलं तर तो विखरून मरतो. दाटीत ठेवला तर वाढतो, आणि दाटी झाली की बांध फोडून जागा दुप्पट करावी लागते. म्हातारा हे जन्मभर करत आला होता, फक्त इतक्या खालून कधी चढला नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. पण आनंद झाला की माणसाला तोंड आवरत नाही. लुआ टोपली घेऊन सोसायटीच्या खळ्यावरून जात होती, दिएम समोर भेटला, आणि तिने चार लोकांदेखत सांगून टाकलं की शेत हिरवं होणार, तेही पौर्णिमेला कशाला, पंधरा दिवस अगोदर, नव्या वर्षाच्या सणाआधीच. पाच दिवसांत अझोला दुप्पट होतो, नऊ पंचे पंचेचाळीस. दिएमने दोनदा विचारून घेतलं. लोकांनी ऐकून घेतलं.

घरी येऊन तिने हे शाळेतल्या हिशेबासकट सांगितलं तेव्हा म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला.

"पाच दिवसांत दुप्पट होतो तो दहाव्या महिन्यात, सूनबाई. थंडी पडली की सात, आणि उत्तरेचा वारा सुटला की दहासुद्धा. तुझ्या बाईने नऊ वेळा सांगितलं. एक वेळ म्हणजे किती दिवस, हे तिने कुठनं सांगायचं? ते पाण्यात हात घातल्यावर कळतं."

लुआचा चेहरा उतरला. तिला आपल्या शहाणपणाची लाज वाटली, कारण चूक गणितात नव्हती, तिच्या घाईत होती. परत जाऊन दिएमला सांगावं का, असं तिने विचारलं. म्हातारा म्हणाला, असू दे, चार दिवस लोकांना हसायला काहीतरी लागतंच. आणि मग त्याने आतापर्यंत कधी केलं नव्हतं ते केलं: बांबूचा खराटा तिच्या हातात दिला.

खराट्याने अझोला झोडपावा लागतो. पानं तुटली की प्रत्येक तुकडा नव्याने वाढू लागतो. जोर जास्त झाला तर तो बुडतो आणि कमी झाला तर तुटत नाही, म्हणून मनगट सैल ठेवून, पाणी न उडवता, सपासप चालवायचा. पहिल्या दिवशी लुआने इतकं पाणी उडवलं की म्हातारा भिजून चिंब झाला. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा वर उचलेना. थिएप चुलीतली राख चाळून टोपल्या भरायचा आणि पहाटेचं दव पानांवर असतानाच दोघं नवरा-बायको वाऱ्याच्या दिशेने ती भुरभुरवायची, अळीला पाय टेकायला जागा मिळू नये म्हणून. राख डोळ्यांत जायची, पाय थंडीने निळे पडायचे, पोटरीला जळू चिकटली तर ती निघून गेल्यावरच कळायचं. म्हातारा बांधावर शेकोटी पेटवून रताळी भाजून ठेवायचा. ती बोटं भाजत सोलून खायची, त्या सुखाला तोड नाही.

पहिला बांध फुटला, जागा दुप्पट झाली, आठवड्याने पुन्हा भरली. दुसरा फुटला. तिसराही फुटून जागा भरली, त्या दिवशी म्हाताऱ्याने सगळा अझोला डोळ्यांनी मोजला आणि लुआला हाक मारली.

"आठ टोपल्या आहेत," तो म्हणाला. "आजपासून नेहमीचं वर्ष."

एवढं बोलून तो केळीच्या आड गेला. लुआने पाहिलं की तो उपरण्याने डोळे पुसतोय, आणि तिने मुद्दाम खराटा मोठ्याने आपटायला सुरुवात केली, म्हणजे त्याला वाटावं की आपलं लक्ष नाही.

मग उत्तरेचा वारा सुटला. अझोल्याची पानं थंडीने तांबडी झाली आणि दहा दिवस जागची हलली नाहीत. तळ्यातून तो आता मोठ्या शेतात आणला होता आणि शेताच्या एका कोपऱ्यात लालसर ठिगळासारखा पडून होता. नव्या वर्षाचा सण आला. घरोघर पानात बांधलेल्या चिकट भाताच्या वड्या उकडल्या गेल्या, पाहुणे आले, आणि येताजाता प्रत्येकाने मोठ्या शेताकडे नजर टाकली. जेमतेम चौथाई शेत झाकलं होतं. सणाआधी हिरवं करणार होतीस ना, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला की शाळेतल्या फळ्यावर झालं असेल हिरवं. तुआतची आई तर तोंडाला पदर लावून हसली. लुआने सगळ्यांना चहा ओतून दिला, वड्या वाढल्या, आणि कान लाल झाले तरी काही बोलली नाही. थिएपला मात्र राहवेना. तो भांडायच्या तयारीने उठला, तेव्हा म्हाताऱ्याने त्याला खाली बसवलं आणि त्याच्या ताटात आणखी एक वडी टाकली.

सणानंतर झिमझिम लागली, ऊबदार, अंगाला चिकटणारी. एका रात्रीत पानं पुन्हा हिरवी झाली. सातव्या दिवशी अर्धं शेत झाकलेलं होतं, आणि त्याच दिवशी दिएम अध्यक्ष बदकं घेऊन आला.

दोन कावडींत चार करंडे, त्यांत शंभरेक पिलं, सगळी एकदम ओरडणारी. बदकाला अझोला म्हणजे गोडाचं जेवण; तळ्यात सोडलेली ती खालच्या शेतात शिरली असती तर संध्याकाळपर्यंत फक्त पाणी उरलं असतं. लुआ खराटा आडवा धरून बांधावर उभी राहिली. तळं जाणार, सासऱ्याची विद्या जाणार, आणि अडाणी बाईने शाळेत जाऊन घर बुडवलं असं गाव जन्मभर म्हणणार, हे सगळं तिला त्या करंड्यांच्या ओरडण्यात ऐकू येत होतं.

दिएम अवघडून गेला होता. त्याने म्हाताऱ्याला समजावलं की बदकं आजच मिळत होती, पुढल्या आठवड्यात दुसरं गाव घेऊन गेलं असतं. आणि पौर्णिमेपर्यंत थांबून तरी काय होणार? अर्धं शेत व्हायला दोन महिने गेले, उरलेलं अर्धं एका आठवड्यात कसं होईल? हिशेब तर लहान पोरालाही कळतो.

लुआ बोलायला गेली, पण म्हाताऱ्याने हात वर केला. तो गुडघे धरत उठला आणि दिएमच्या खांद्याला खांदा लावून शेताकडे तोंड करून उभा राहिला.

"दिएम, मीसुद्धा तुझ्यासारखाच भागायला बसलो होतो," तो म्हणाला. "हे भागायचं काम नाही. अर्धं उरलं म्हणजे दोन महिने उरले नाहीत. एक वेळ उरली. आठ वेळा झालं, नववी बाकी आहे. आता ऊब आहे, सात दिवस पुरेत. पौर्णिमेला नाही झालं, तर तुझी बदकं मी स्वतः पाण्यात सोडतो, आणि त्यांची अंडीही मीच उबवतो."

कावडवाले हसले. दिएमही हसला, आणि हसलेला माणूस करंडे उघडू शकत नाही. बदकं आठवडाभर सोसायटीच्या खळ्यावर राहिली. त्यांनी हागून आणि ओरडून आसपासच्या घरांना नको नको केलं, आणि ज्यांनी सणात लुआला टोमणे मारले होते तेच आता रोज विचारू लागले, की काय गं, झालं का नाही अजून शेत.

त्या सात दिवसांत ती तिघं शेतातून बाहेर आलीच नाहीत म्हटलं तरी चालेल. सहाव्या दिवशी मधोमध एक पाण्याचा पट्टा उरला होता, त्यात आभाळ दिसत होतं. पौर्णिमेच्या सकाळी लुआ बांधावर आली तेव्हा आभाळ दिसेना. या बांधापासून त्या बांधापर्यंत हिरवं, मऊ, जराही फट नसलेलं. ती तिथेच मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडूही आलं, आणि थिएप तिच्याबरोबर हसावं की तिचे डोळे पुसावेत, अशा घोटाळ्यात तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. दिएम आला, त्याने खाली वाकून मूठभर अझोला उचलला, पिळला, आणि काही न बोलता नांगरवाल्यांना खूण केली. गावाला बी वाटलं, घरासाठी आठ टोपल्या बाजूला काढल्या आणि रेडे शेतात उतरले. इतक्या मेहनतीचं हिरवं दुपारपर्यंत सगळं चिखलाखाली गेलं, आणि त्याचंच सगळ्यांना कोण कौतुक.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग भरला असताना ख्वात म्हातारा आपलं लाकडी पिढं काखेत मारून देवळाच्या अंगणात आला. मागच्या बाजूला बसला. बाई गोंधळल्या. लुआने मान खाली घातली. आता हे काय बोलतात कोण जाणे! म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि बाईंना विचारलं की हे गणित उलटं होतं का. म्हणजे शेवटी काय हवं ते ठाऊक आहे, पण वाढत नाही, मरतं आहे, तर सुरुवातीला किती ठेवायचं.

त्रमबाई म्हणाल्या, होतं. पण किती दिवसांत किती मरतं, ते सांगावं लागेल.

मागे पेंगणारे बाप्येही जागे झाले. गेली शंभर वर्षं गावाने जे विचारायची हिंमत केली नव्हती, ते शहरातल्या एका पोरीने सहज विचारलं होतं. लुआने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

"उन्हाळ्याचे चार महिने," तो म्हणाला. "दर महिन्याला निम्मा मरतो. तेही वाहत्या पाटाच्या कडेला, केळीच्या सावलीत ठेवला तर. आणि दर आठ दिवसांनी वाफा बदलायचा, जुन्या वाफ्यात चुना टाकायचा. गेल्या साली आठव्या महिन्यात वाफा बदलायला कोणी नव्हतं. घरात माणसं होती, त्यांना सांगितलेलं नव्हतं. मांडा."

बाईंनी मांडलं. शेवटी आठ हव्यात, तर चार वेळा दुप्पट मागे जा. लुआने सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं, एकशे अठ्ठावीस टोपल्या. आजूबाजूला बायका भराभरा वहीत लिहीत होत्या. पाट, सावली, आठ दिवस, चुना. एकट्या तुआतचा हात थांबला होता. ती उभी राहिली आणि ओढणीचं टोक पिळत म्हणाली की आजोबा, मी पुढच्या महिन्यात सासरी जाणार आहे. मी लिहू का नको?

म्हाताऱ्याने मान हलवून तिला खाली बसायची खूण केली.

"दोनदा लिही," तो म्हणाला. "एक घेऊन जा, एक आईजवळ ठेव."